अजून एक हात

फर्निचरच्या त्या कारखान्यात मालकांनी आयुष्यात एकदाच भाषण केलं. त्या भाषणातलं एकच वाक्य एका माणसाने पुढे जन्मभर पुरवून पुरवून खाल्लं.

तो माणूस म्हणजे तिथला पॉलिशवाला. कारखाना नव्या जागेत हलला त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना मागच्या अंगणात उभं केलं आणि एकेकाचे आभार मानायला सुरुवात केली. आधी स्वतःच्या वडिलांचे, मग लाकूड निवडणाऱ्याचे, मग करवतीवरच्यांचे, मग सुतारांचे, मग गाद्या शिवणाऱ्या बायकांचे. पॉलिशवाला सगळ्यात मागे, दाराला टेकून उभा होता. आपलं नाव काही येत नाही असं धरून तो आपला डबा उचलायला वाकला, तेवढ्यात मालक म्हणाले, "अँड लास्ट बट नॉट लीस्ट, आमचे पॉलिशवाले!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. हा वाकलेला तसाच हसला, हातात डबा.

इंग्रजीचा आणि त्याचा संबंध पॉलिशच्या डब्यावर छापलेल्या अक्षरांपुरता. भाषण संपल्यावर त्याने कारकुनाला गाठलं.

"साहेब, मालक माझ्याबद्दल काय म्हणाले हो?"

"शेवटी नाव घेतलं म्हणून तुम्हाला कमी समजू नये, असं म्हणाले."

"म्हणजे शेवटचा, पण महत्त्वाचा!"

"अर्थ तोच," कारकून म्हणाला. "पण वापर कुठे करतात ते बघा की. मालकांनी वडिलांचं नाव घेतलं तेव्हा म्हणाले का असं? ज्याला कुणी कमी समजतच नाही त्याच्याबद्दल कशाला म्हणतील? शेवटी जो उरतो ना, त्याच्या तोंडाला पुसायची पानं आहेत ती."

पॉलिशवाल्याने डबा काखेत मारला. "तुमचं नाव मालकांनी घेतलंच नाही, नाही का? तरीच पोटात दुखतंय."

कारकून वही उचलून चालू लागला. त्याचं नाव खरंच राहून गेलं होतं.

घरी येऊन पॉलिशवाल्याने हे बायकोला सांगितलं, मुलांना सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं आणि शेजाऱ्याने विचारलं नाही तरी अर्थही सांगितला. मुलं चार. थोरला दादा, मग ताई, मग भाऊ, आणि सगळ्यात मागून धाकटी. तिचा जन्म झाला तेव्हा दादाला मिसरूड फुटायला लागली होती. संध्याकाळी बाप संत्रं सोलायला बसला की चौघं समोर रांगेने उभी राहायची, वयाप्रमाणे. धाकटी हात पसरून शेवटी. तिच्यापर्यंत येईतो फोड कधी लहान उरायची, कधी नुसती बियांची. त्या दिवशीही तशीच लहान फोड उरली. बापाने ती हातात धरली, मालकांसारखी छाती पुढे काढली आणि म्हणाला, "अँड लास्ट बट नॉट लीस्ट, आमची धाकटी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला फोड किती मोठी ते त्या दिवशी दिसलंच नाही.

तेव्हापासून तो तिचा हक्कच झाला. संत्रं असो, नवे बूट असोत की जत्रेतल्या पाळण्यातली जागा असो, तिच्या वाट्याला जे यायचं ते त्या चार शब्दांबरोबर यायचं. भाऊ चिडायचा.

"बाबा, मला का नाही म्हणत कधी?"

"तुझ्यामागे कुणीतरी उभं आहे ना, म्हणून."

"मग मी मागे जातो."

"जा की," बाप हसून म्हणायचा. भाऊ मात्र कधी मागे गेला नाही. लहान फोड मिळाली असती.

आई धाकटीच्या शाळेच्या दिवसांतच गेली. दादा तोवर नोकरीला लागून वेगळा राहत होता, ताई लग्न होऊन गेली होती, भाऊ पुढे शिकायला दुसऱ्या शहरात होता. घरात बाप आणि ती. शाळा सुटली की ती कारखान्यात जाऊन बापाशेजारी बसायची, आणि मग एक दिवस शाळा सुटली ती सुटलीच. त्याचं कुणाला फार काही वाटलं नाही. तिलाही नाही. तिला पॉलिशमधल्या स्पिरिटचा वास आवडायचा.

पॉलिशवाल्याचं काम सगळ्यांच्या शेवटी. त्यामुळे सगळ्यांचा उशीर त्याच्या डोक्यावर. लाकूड ओलं आलं, वाळायला दिवस गेले, तरी गिऱ्हाइकाला दिलेला वार बदलायचा नाही. सुतार आजारी पडला, तरी वार तोच. सगळे आपापल्या वाटणीचा वेळ वापरून मोकळे व्हायचे आणि उरलासुरला वेळ याच्या हातावर टेकवायचे. मालक दारात येऊन घड्याळाकडे बघायचे. "काय करू आता?" असा चेहरा बापाने केला की म्हणायचे, "अहो, लास्ट बट नॉट लीस्ट!" आणि जायचे. बाप मान हलवून बाह्या सरसावायचा. तेवढ्यावर तो जिवाचं रान करायचा.

मात्र एका बाबतीत त्याच्यापुढे मालकांचंही काही चालत नसे. माल उचलायला हमाल आले तरी तो 'झालं' म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण चालत आलं होतं. हमालांचा म्होरक्या दारात उभा राहून विचारायचा, "झालं का?" मग बाप उजव्या हाताची पाठ त्या लाकडावरून फिरवायचा, सावकाश, डोळे मिटून. तळहात कधी वापरायचा नाही. म्हणायचा, "तळहाताला घट्टे पडलेत, तो बधिर झालाय. हाताची पाठ खोटं बोलत नाही." मग तो एकतर म्हणायचा "झालं," आणि दोऱ्या आवळल्या जायच्या. नाहीतर म्हणायचा, "अजून एक हात." मग म्होरक्या कपाळाला हात लावून पायरीवर बसायचा आणि बाप लाखेच्या पॉलिशचा अजून एक हात मारायचा.

धाकटी त्याच्याजवळच सगळं शिकली. काचपेपर लाकडाच्या शिरेच्या दिशेने कसा ओढायचा, कापसाचा बोळा सुती फडक्यात कसा बांधायचा, तो लाकडावर आठच्या आकड्यासारखा कसा फिरवायचा आणि फिरवता फिरवता थांबायचं कसं नाही. थांबलं की डाग. पाण्याचा थेंब पडला तरी डाग, पांढरा, ढगासारखा. एकदा दादा ताईला घेऊन कुठेतरी गेला आणि हिला नेलं नाही म्हणून ती कामावर रडत होती, तर बाप म्हणाला, "रडायचं तर तोंड बाजूला करून रड. पॉलिशनं काय घोडं मारलंय तुझं?" ती रडता रडता हसली, पण तोंड बाजूला केलं.

तिच्या हातचं काम बापाने कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. ती सारं संपवून उभी राहिली की तो यायचा, हाताची पाठ फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून एक हात." मग तो शेवटचा हात तो स्वतःच मारायचा. वर्षानुवर्षं हेच. म्होरक्या थट्टा करायचा, "अहो, पोरगी म्हातारी होईल, तिच्या तोंडात दात राहायचे नाहीत, तरी तुमचं आपलं अजून एक हात!"

"घाई काय आहे," बाप म्हणायचा. "तिची पाळी येईलच की."

तीही तेच धरून चालली होती. पाळी येईलच. शेवटच्याला थांबायचं कसं ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

*

पुढे बापाचा दम गेला. जन्मभर लाकडाचा भुसा आणि स्पिरिटची वाफ नाकात गेलेली. आधी जिना चढताना थांबायला लागला, मग दोन वाक्यांच्या मध्ये थांबायला लागला, आणि शेवटी आतल्या खोलीतल्या पलंगावर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून, पाठीशी तीन उशा घेऊन बसला. कारखान्यातल्या नव्या मालकांनी, म्हणजे जुन्या मालकांच्या मुलांनी, एवढा चांगुलपणा दाखवला की धाकटीला घरून काम करू दिलं. एक मोठं जेवणाचं टेबल त्यांनी घरी पाठवलं. बाहेरच्या खोलीत ते ठेवल्यावर माणसाला भिंतीला घासूनच जावं लागायचं.

टेबल पाहिल्यावर धाकटीने मनाशी काहीतरी ठरवलं. कुणाला बोलली नाही. लाकूड सुरेख होतं, एका फळीतली शीर दुसऱ्या फळीत पाण्यासारखी वाहत गेली होती. तिने ठरवलं, की या टेबलाला शेवटचा हात आपण मारायचा, आणि बाबांनी हाताची पाठ फिरवून फक्त 'झालं' म्हणायचं. आजवर कधी म्हटलं नाही, ते या एका टेबलाला. तेवढं एकदा ऐकलं की मग पुढचं पुढे.

ती जिवापाड राबली. बापाचं औषध, बापाची आंघोळ, बापाचं पातळ जेवण, आणि मधल्या वेळात टेबल. आतून बाप खोकला थांबला की विचारायचा, "कितवा हात?" ती बाहेरून सांगायची. तो हुंकार द्यायचा. एवढंच त्यांचं बोलणं. पण त्या हुंकारावर ती अख्खा दिवस काढायची.

डॉक्टर आले, तपासलं, आणि दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता फार नाही. बोलणं कमी करा त्यांचं. एकेक शब्द त्यांना जिना चढल्यासारखा पडतोय."

दादाने हे कसं सांगावं म्हणून शब्द जुळवले, पण बापाने तोंडाकडे बघूनच ओळखलं. नळीतून दम घेऊन म्हणाला, "सगळ्यांना बोलवा. एकेकाशी बोलायचंय. एकट्याशी."

"सगळ्यांशी कशाला बाबा, दम लागेल," दादाची बायको, म्हणजे वहिनी, म्हणाली.

"दम कशासाठी ठेवलाय मग?" बाप म्हणाला.

तर रांग लागली, जुनीच. आधी दादा आत गेला, दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा त्याने चष्मा काढून हातात धरला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी ताई आली, मुलांना घरी ठेवून. तीही बराच वेळ आत होती आणि बाहेर येऊन धाकटीच्या गळ्यात पडून रडली. भाऊ राहिला. तो दूर देशी. त्याला रजा मिळत नव्हती, मग मिळाली, मग विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. इकडे बापाचा दम दिवसागणिक आटत चालला. वहिनी आणि ताईने नियमच करून टाकला की आता भाऊ येईपर्यंत बाबांना कुणी बोलायला लावायचं नाही. काही हवं असेल तर त्यांनी बोटाने दाखवायचं. तो नियम पाळायचं काम अर्थात धाकटीकडे, कारण रात्रंदिवस जवळ तीच. ती डोळ्यांत तेल घालून राखण करायला लागली. शेजारी भेटायला आले तर त्यांना दारातूनच सांगायची, "बसा, पण बोलू नका." बाप "कितवा हात?" विचारायला तोंड उघडायचा, तर ती आधीच बोटांनी दाखवायची.

भाऊ ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी सकाळी टेबल संपलं. तिच्या मते संपलं. खिडकीचं ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि खिडकीचे गज त्यात असे दिसत होते, की हात घालून धरावेत. ती आत गेली. नुसती दारात उभी राहिली, हात फडक्याला पुसत. बापाने ओळखलं. बोटाने बाहेर दाखवलं.

"नको बाबा. उठायचं नाही."

त्याने पुन्हा दाखवलं, आणि कपाळाला आठी घातली. ती आठी तिला ठाऊक होती. तिने नळी सोडवली, त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि दोघं भिंतीला घासत घासत बाहेर आली. तो इतका हलका झाला होता की तिला वाटलं आपण नुसता सदराच धरलाय.

टेबलाजवळ खुर्ची होती, तिच्यावर तो बसला. दम खाली बसू दिला. मग उजवा हात उचलला, उलटा केला, आणि डोळे मिटून पाठ टेबलावर ठेवली.

हात सावकाश सरकत होता. शिरेवरून, जोडावरून, कडेपर्यंत, आणि परत. एवढा वेळ त्याने तिच्या कुठल्या कामावर हात फिरवला नव्हता. एका जागी तो थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने तोंड उघडलं आणि बोलायला म्हणून दम आत ओढला.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. विमानतळावर उतरलो, गाडी मिळाली, दुपारपर्यंत पोचतो. आणि मग रडका आवाज, "बाबा आहेत ना गं? बोलतील ना माझ्याशी? त्यांचा दम जप, माझ्यासाठी जप."

"जपते, जपते," ती म्हणाली. फोन ठेवला, वळली. बाप अजून तसाच बसलेला, दम छातीत धरून. "तुझं..." तो म्हणाला.

तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

"नंतर. आधी भाऊ येऊ दे. माझं काय बाबा, मी लास्ट बट नॉट लीस्ट."

बाप हसला. छातीत धरलेला दम त्याने सोडून दिला, काही न बोलता. मग मान हलवली, मालक घड्याळ दाखवून गेले की हलवायचा तशी. तिने त्याला उठवून परत पलंगावर नेलं.

भाऊ दुपारी आला. बॅगेसकट आत गेला, दार लागलं. धाकटी बाहेर टेबलाजवळ उभी होती. आतून आधी रडणं ऐकू आलं, मग भाऊच बोलत राहिला, मग बाप बोलला. मग दोघं हसले. मग बाप पुन्हा बोलला, आणि थांबला, आणि पुन्हा. वहिनी म्हणाली, "फार बोलायला लावतोय हा." ताई म्हणाली, "असू दे गं, एवढ्या लांबून आलाय." धाकटीने चहा टाकला, गार झाला, पुन्हा गरम केला. तिने दारापर्यंत जाऊन टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. आपली पाळी नाही.

भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा होता. "झोप लागली त्यांना," तो म्हणाला. "शांत झोपलेत."

ती आत गेली. पलंगाजवळ खुर्ची ओढली. आता मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं. बापाचा हात पांघरुणावर पडला होता, उजवा. तो तिने आपल्या हातात घेतला आणि उठायची वाट बघत बसली.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी त्याचा श्वास आत गेला आणि बाहेर आलाच नाही. तो जागा झाला नाही.

*

त्यानंतरच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. चौघं भावंडं एका घरात झोपायला इतक्या वर्षांनी एकत्र आली होती. दुपारी पडवीत बसल्यावर एकमेकांना सांगायला लागली.

"मला म्हणाले," दादा म्हणाला, "तू नोकरीला लवकर लागलास म्हणून हे घर तरलं. मी कधी बोललो नाही, पण तुझं शिक्षण माझ्या डोक्यावर आहे. मला म्हणाले असं. बाबा!"

"मला आईबद्दल बोलले," ताई म्हणाली. "आईला मी कशी आवडायचे ते. मला माहीतच नव्हतं गं."

भाऊ म्हणाला, "मला म्हणाले, लांब गेलास म्हणून मी रागावलोय असं तुला वाटतं. रागावलो नाही. अभिमान वाटला, म्हणून गप्प राहिलो. आणि मग लहानपणीचे किस्से निघाले... ते संत्र्याचं वगैरे."

प्रत्येकाकडे काहीतरी होतं, हातात घेऊन बसल्यासारखं. मग ताईने विचारलं, "आणि तुला काय म्हणाले गं?"

"माझं राहिलं," धाकटी म्हणाली.

"राहिलं म्हणजे?"

"भाऊचं झाल्यावर माझं होतं."

भाऊने खाली पाहिलं. वहिनीच शेवटी बोलली, आणि मनापासून बोलली, तिच्या पोटात काही नव्हतं. "अगं, तू तर रोजच जवळ होतीस. तुला वेगळं काय सांगणार ते!"

"हो, तेही आहे," धाकटी म्हणाली, आणि कप गोळा करायला उठली.

बाहेरच्या खोलीत टेबल तसंच होतं. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जायचे. माल पोचवायचा वार केव्हाच उलटून गेला होता. कारखान्यातून निरोप आला, की तुमचं दुःख आम्ही समजतो, पण गिऱ्हाईक थांबत नाही. आज हमाल पाठवतो.

ते आले तो नेमका दादाने बाबांच्या आठवणीसाठी लोकांना बोलावलेला दिवस. खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारी होते, डॉक्टर होते, कारखान्यातले जुने सुतार होते, म्हातारा झालेला कारकूनही काठी टेकत आला होता. टेबल त्यासाठी मागच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं. धाकटी तिथेच होती. दादा पुढच्या खोलीत उभा राहिला आणि त्याने सगळ्यांचे आभार मानले. डॉक्टरांचे, औषधवाल्याचे, शेजाऱ्यांचे. ताईच्या घरच्यांनी तिला सोडलं म्हणून त्यांचे. भाऊच्या साहेबांनी रजा दिली म्हणून त्यांचे. वहिनीचे. मग तो थांबला. आठवून, गहिवरून म्हणाला, "आणि बाबा म्हणायचे तसं, लास्ट बट नॉट लीस्ट, आमची धाकटी!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मागे, दाराजवळ, ती असायची तिथे कुणी नव्हतं. फक्त कारकुनाने तेवढी मान वळवली नाही. काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून तो जमिनीकडे बघत राहिला.

पडवीत तिला ते ऐकू आलं. लहानपणापासून ते शब्द ऐकले की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तिला पहिल्यांदा दिसलं की ते म्हणणाऱ्याची पाळी नेहमी होऊन गेलेली असते. आणि दुसऱ्यांचं कशाला? त्या सकाळी बापाच्या ओठांवर बोट ठेवून ते कुणी म्हटलं होतं? तिनेच. बाप द्यायला निघाला होता, आणि तिने स्वतःच हात मागे घेतला होता.

हमालांचा म्होरक्या मागच्या दाराशी आला. आता त्याच्याही पाठीला बाक आला होता, वजन उचलायला बरोबर दोन तरणे गडी होते. त्याने टेबलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दाराच्या आत पाऊल टाकलं नाही.

"झालं का, पोरी?"

त्याला दुसरं काही विचारता येत नव्हतं, आणि विचारल्याशिवाय हात लावता येत नव्हता. ते इतकी वर्षं चालत आलेलं होतं. तिने उजवा हात उलटा केला आणि डोळे मिटून टेबलावर ठेवला.

गार होतं. गुळगुळीत होतं. शिरेवरून, जोडावरून, कडेपर्यंत तिने हात नेला. बापाचा हात जिथे थांबला होता, मागे आला होता आणि पुन्हा पुढे गेला होता, त्या जागेवर तिचाही हात थांबला. काय लागलं होतं त्याला इथे? काही लागलं होतं, की काहीच लागलं नव्हतं म्हणून तो पुन्हा चाचपून बघत होता? भुवया वर गेल्या त्या कशाने? "तुझं..." म्हणाला, आणि त्याच्या पुढचा शब्द तिच्या बोटाखाली राहिला. तिने पुन्हा हात फिरवला. पुन्हा फिरवला. तिच्या हाताची पाठ तिला काही सांगेना.

"त्यांनी बघितलं होतं का हे?" म्होरक्याने हळूच विचारलं.

"बघितलं."

"काय म्हणाले?"

तिने डोळे उघडले. म्हणाली असती 'झालं म्हणाले,' तर कोण खोटं पाडणार होतं? गड्यांनी दोऱ्या खांद्यावरून उतरवल्याही होत्या. शब्द तिच्या जिभेवर आला. पण तो तिचा नव्हता. तो दुसऱ्याने द्यायचा होता, आणि आपला आपण घेतला तर ती चोरी झाली असती.

"अजून एक हात," ती म्हणाली.

एक गडी पुटपुटला, "आता गं काय! आरसा झालाय नुसता."

म्होरक्याने त्याला डोळ्यांनी दाबलं. डोक्याचं फडकं काढलं, झटकलं, आणि पायरीवर बसला, पूर्वी बसायचा तसाच. या वेळी कपाळाला हात लावला नाही. "मार बाई. आम्ही थांबतो."

पुढच्या खोलीत लोक अजून तिला शोधत होते. ताई हाक मारत होती. धाकटीने बाटलीतलं पॉलिश वाटीत ओतलं, कापूस फडक्यात बांधला, बोळा भिजवून पिळला आणि टेबलावर टेकवला. हात आठच्या आकड्यात फिरायला लागला. थांबायचं नाही. तिने तोंड बाजूला केलं, भिंतीकडे, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, म्हणजे जे पडायचं ते जमिनीवर पडेल. हात तिकडे न बघता चालत राहिला.

म्होरक्या पायरीवर बसून होता. हा हात वाळला की तो पुन्हा विचारणार होता.